सावरायला लागणारे दिवस

प्रिय शंका,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील, म्हणून पहिल्यांदा सांगतो, घरात सगळे ठीक आहेत. हिचे गुडघे कुरकुरतात, पण ते जुनंच. मुलगी बरी आहे. मीही धडधाकट आहे, फक्त एका जागी बसवत नाही. सकाळपासून हे पत्र चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा उठून काहीतरी भलतंच करून आलो. एकदा खिडक्यांच्या कड्या तपासल्या, एकदा चपलांचा कप्पा आवरला. शेवटी ही म्हणाली, "लिहायचं असेल तर बसून लिहा, नाहीतर मला तरी बसू द्या." म्हणून बसलोय. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी फारसं बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणार. तू इतक्या आनंदात बोलत होतीस की मध्ये तोंड घालायला जागाच नव्हती, अशी मी स्वतःची समजूत काढली. जागा होती. "ऐकतोयस ना?" असं तू दोनदा विचारलंस. तू सोमवारी जे सांगणार म्हणालीस त्याबद्दलच हे पत्र आहे, पण तिथपर्यंत मला जरा लांबून यावं लागेल. थेट यायचं धाडस नाही.

परवा कॉलेजचे दिवस आठवत होते. आमचा अर्थशास्त्राचा वर्ग आणि तुमचा नीतिशास्त्राचा, दोघांना मिळून आठवड्यातून एक तास असायचा, आणि त्या तासाला तुझा हात पहिल्या पाच मिनिटांत वर. "सर, एक शंका आहे." तुझं खरं नाव वर्गात कुणालाच आठवेना इतकी तू शंका झालीस. आणि मी प्रत्येक प्रश्नाला शेवटी सगळ्यांच्या सुखाची बेरीज करून बघू म्हणायचो, म्हणून तू मला बेरीज म्हणायला लागलीस. कँटीनमधल्या त्या लंगड्या टेबलावर आपण किती भांडलो. समाजाचं भलं मोजता येतं, हे माझं म्हणणं. मोजण्याआधी कुणाचं आणि कशात मोजणार ते ठरवावं लागतं, आणि ते ठरवतानाच सगळं ठरून जातं, हे तुझं. आपण लग्न का केलं नाही यावर आपण कधी बोललो नाही. मला वाटतं, केलं तर भांडण मिटेल, अशी दोघांनाही भीती वाटली असावी. तू शिकवायला लागलीस, मी सरकारी नोकरीत आलो, आणि भांडण मात्र नीट सांभाळून ठेवलं.

बंधाऱ्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला त्यात भांडण्यासारखं काही दिसलं नव्हतं, हे मी तुला शपथेवर सांगतो. नदी फुगली की बंधाऱ्यावरचं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. डावे दरवाजे उघडले तर पाणी सखल वस्तीत जातं, जिथे रंगारी, कुलूपवाले, शिंपी, मोटारी दुरुस्त करणारे यांची घरं आणि खाली दुकानं. उजवे उघडले तर गोदामं, कचेऱ्या आणि ती नवी काचेची बंगली. आधी कुठले उघडायचे हा प्रश्न. माझ्या आधीचे लोक मंत्र्यांचा फोन आला की ठरवायचे. मी तक्ता केला. कुठल्या बाजूला किती किमतीचं नुकसान होईल ते काढायचं आणि कमी होईल तिकडे पाणी सोडायचं. फोनाफोनी बंद झाली. मला अभिमान होता त्याचा. सखल भागातली घरं स्वस्त, त्यामुळे तक्ता दर वेळी डावीकडे बोट दाखवायचा, पण तो कुणाचं तोंड बघून दाखवत नव्हता, आणि निःपक्षपाती असणं म्हणजे हेच, असं मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवत असे.

मग तुला सल्लागार समितीवर घेतलं. तुझी पहिली बैठक मला काल झाल्यासारखी आठवते. तू तपकिरी शाल घेतली होतीस आणि तक्ता उलटा धरून वाचत होतीस, कारण कारकुनाने पानं उलटी टाचली होती. तू विचारलंस, की गोदामातला भिजलेला माल आणि शिंपिणीचं भिजलेलं मशीन यांत जास्त नुकसान कुणाचं? मी म्हणालो, अर्थातच गोदामाचं, शंभरपट. तू म्हणालीस, "गोदामवाला महिन्याभरात पुन्हा उभा राहील. विमा आहे, दुसरं गोदाम आहे. तिला परत उभं राहायला किती दिवस लागतील ते विचारलंय का कुणी? तुम्ही वस्तू मोजताय. माणसाचे दिवस मोजा. पाण्याच्या आदल्या दिवशी ती जिथे होती तिथे परत यायला तिला किती दिवस लागतात, ते मोजा." मुख्य अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कल्पना चांगली आहे, पण दिवस असे मोजता येत नाहीत, त्याची खात्रीलायक पद्धत नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, सूचनेची नोंद घेतली. पुढच्या वर्षी तू पुन्हा तेच मांडलंस आणि आम्ही पुन्हा नोंद घेतली. अकरा वर्षं आम्ही तुझी नोंद घेत राहिलो. त्या अकरा वर्षांत डावे दरवाजे चार वेळा उघडले.

आता मुलीचं सांगतो. तिचा व्यवसाय तुला माहीत आहेच, ज्यांचे पाय लहानमोठे असतात किंवा वाकडे असतात त्यांच्यासाठी ती बूट बनवते. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाचा प्लास्टरचा साचा करून ठेवते, म्हणजे पुढचा जोड करताना त्या माणसाला पुन्हा यायला नको. तीन वर्षांपूर्वी तिने आणि जावयाने मिळून कारखान्यासाठी जागा घेतली. मला दाखवायला घेऊन गेली. तळमजला, उंच छत, मागे पोटमाळा, वर राहायला दोन खोल्या. मला म्हणाली, "बाबा, एवढी जागा एवढ्या कमी किमतीत कुठेच नव्हती. कळत नाही इतकी स्वस्त कशी." मला कळत होतं. ती जागा सखल वस्तीत होती आणि माझ्या तक्त्यामुळे स्वस्त होती. पाणी पहिल्यांदा इथे येणार हे सगळ्या शहराला पाठ झालं होतं, म्हणून तिथे किंमत चढत नव्हती, आणि किंमत चढत नव्हती म्हणून तक्ता पुढच्या वेळी पुन्हा तिकडेच पाणी पाठवणार होता. हे वर्तुळ मी कधी पाहिलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला दिसेल असं ते आहे. मी तिला म्हणालो, इथे पाणी येतं. तिने खालच्या फळीवर साचे मांडता मांडता म्हटलं, "लोक राहतातच की इथे."

साधारण दीडशे पाय होते त्या फळ्यांवर. पांढरे, प्रत्येकाच्या टाचेवर शिसपेन्सिलीने नाव. मी उंची पाहिली. चौथ्या वेळी दरवाजे उघडले तेव्हा त्या गल्लीत पाणी कुठपर्यंत होतं ते मला आकड्यात माहीत होतं. सगळ्यात वरची फळीही बुडली असती.

त्या दिवसापासून मला जी बेचैनी लागली ती अजून गेलेली नाही. ऑफिसात बसलो की त्या फळ्या दिसायच्या. घरी आलो की ही म्हणायची, तुम्ही जेवताय की उरकताय? दोन महिन्यांनी मी खात्याला टिपण दिलं, की समिती सदस्यांनी वेळोवेळी केलेल्या सूचना विचारात घेऊन सावरायला लागणाऱ्या दिवसांची पाहणी करावी. पद्धत नाही म्हणणाऱ्या मला पद्धत एका आठवड्यात सापडली. प्रश्न एकच ठेवला, पाणी आलं त्याच्या आदल्या दिवशी जसे होतात तसे परत कधी झालात? सहा महिने दोन्ही बाजूंना घरोघर माणसं पाठवली, पुष्कळदा स्वतः गेलो. ती पाहणी खरी आहे, शंका. एकही आकडा मी वाकवलेला नाही. उजवीकडच्या बहुतेकांनी विचार करून वीस-पंचवीस दिवस सांगितले. डावीकडे एका रंगाऱ्याने चारशे सांगितले, मग बायकोने आतून दुरुस्त केलं, पोरीची शाळा सुटली ते धरलं तर जास्त. एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याला आमच्या मुलीसारख्या तरुण अभियंतीने विचारलं, तेव्हा तो हातातली कानस खाली न ठेवता म्हणाला, "अजून नाही." ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, सर, याला रकाना नाही. मी म्हणालो, समासात लिही.

पाहणीच्या अर्जावर एक रकाना असतो, काम करणाऱ्याचे काही हितसंबंध गुंतले आहेत का. मी "नाही" लिहिलं. जागा माझ्या नावावर नव्हती, मुलगी सज्ञान, वेगळी राहते. कायद्याने ते खोटंही ठरणार नाही कदाचित. पण लिहिताना मी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं.

पाहणीवरून नियम बदलला, त्या बैठकीत तू रडलीस. मला तुझं ते रडणं सहन झालं नाही आणि मी चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो, तो शिपाई चहा देऊन गेल्यावरच आत आलो. तू माझा हात हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हणालीस, की एवढ्या वर्षांत एखादा माणूस नुसत्या युक्तिवादाने बदलताना तू पहिल्यांदा पाहिलास. मग तू तो लेख लिहिलास. मग व्याख्यानं. तुझे विद्यार्थी मला फोन करून विचारायचे, सर, नेमक्या कुठल्या मुद्द्याने तुमचं मत बदललं? मी तुझेच मुद्दे तुझ्याच शब्दांत त्यांना सांगायचो. छान जमायचं मला ते. एकदा तर बोलता बोलता माझाच विश्वास बसला.

या वर्षी पाणी आलं तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. नव्या नियमाप्रमाणे उजवे दरवाजे आधी उघडले. भोंगे झाले, कचेऱ्या रिकाम्या झाल्या, सगळं ठरल्याप्रमाणे. डावीकडे गल्ल्याही भिजल्या नाहीत. मी नियंत्रण कक्षात उभा होतो आणि खरं सांगतो, मी नकाशावर एकच गल्ली बघत होतो. संध्याकाळी बातमी आली, की गोदामांच्या रस्त्यावरच्या एका कचेरीच्या तळघरात पंप बघणारा माणूस बुडालेला सापडला. भोंगा झाल्यावर वर आला होता, पण मोटर वाचवायला परत खाली उतरला. कुणी उतरायला सांगितलं की आपणहून गेला ते अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तो माणूस तिच्या मागच्याच गल्लीतला. म्हणजे डावीकडचा.

हे कळल्यावर मी खुर्चीतून उठलो आणि ऑफिसच्या जिन्यावरून उगाच खाली-वर करत राहिलो. आपल्या पाहणीत आपण लोकांना त्यांच्या घरी मोजलं होतं. ते दुपारी कुठे असतात हे ना तू विचारलंस ना मी. गोदामांत, तळघरांत, जिन्यांखाली दिवसभर काम करणारी माणसं कुठून येतात? सखल वस्तीतून. आपण त्यांची घरं कोरडी ठेवली आणि पाणी ती कामाला होती तिथे सोडलं. हे दुरुस्त करता येईल, दिवसाची आणि रात्रीची मोजणी वेगळी ठेवली की येईल, त्याचं टिपण मी केलंय, सोबत जोडतो. पण तुला शंका येण्याआधी मला यायला हवी होती. मी त्या वस्तीत सहा महिने फिरलो, दुपारी गेलो की निम्म्या घरांना कुलूप असायचं, आणि मी पाहणीच्या कागदावर "घर बंद, पुन्हा भेट द्यावी" असं लिहून पुढे जात होतो.

चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. मुलगी बरोबर होती. दोन खोल्या, भिंतीला टेकवलेली सायकल, कोपऱ्यात त्याच्या कामाचे बूट, स्वच्छ, कारण त्या दिवशी तो सँडल घालून गेला होता. त्याची बायको इस्त्रीचं काम करते. आम्ही गेलो तेव्हाही करत होती, कपडे लोकांचे होते, द्यायचे होते. मुलीने माझी ओळख करून दिली, हे माझे बाबा, बंधाऱ्याच्या ऑफिसात असतात. ती बाई इस्त्री उभी करून माझ्याकडे बघत राहिली. शिव्या देईल असं वाटलं. तिने खुर्ची पुसून दिली आणि म्हणाली, "घर कोरडं राहिलं साहेब यंदा. ते सकाळी म्हणून गेले होते, यंदा सामान वर चढवायला नको." मग पुन्हा इस्त्री उचलली. मला नियमाबद्दल सांगायचं होतं, चूक कुठे झाली ते सांगायचं होतं. मी पाणी मागितलं, प्यालो आणि निघालो. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्यासाठी केलंत ना हे?" मी म्हणालो, नाही, पाहणी झाली होती. ती कारखान्यात जाऊन कामाला लागली.

आता गुरुवारच्या फोनबद्दल. गोदामवाल्यांच्या व्यापारी संघटनेने मुलीच्या जागेचे कागद शोधून काढलेत, चौकशी बसलीय, आणि सोमवारी माझ्यानंतर तुझी साक्ष आहे. तू म्हणालीस, "मी सांगणार आहे त्यांना. या माणसाला मी अडतीस वर्षं ओळखते. मुलीसाठी नियम फिरवणाऱ्यांतला हा नाही. याला मी वाद घालून बदललंय, आणि त्याचे कागद माझ्याकडे आहेत." हे तू शपथेवर सांगू नयेस म्हणून हे पत्र. सोमवारी मी आधी बोलणार आहे आणि रकान्यात "नाही" का लिहिलं ते सांगणार आहे. राजीनामा काल दिला. मी खरं बोललो की नियमही माझ्याबरोबर जाईल, पाणी पुन्हा डावीकडे वळवतील, ही भीती मला गेले चार दिवस घरात फिरवते आहे. तेवढ्यासाठी गप्प बसावं, असंही दहा वेळा मनात आलं. पण तुला खोट्यात उभं करून तो नियम टिकवणं मला जमणार नाही. म्हणून तू किंवा तुझ्यानंतर कुणीही मला सोडवायला उभं राहू नये. तू फक्त नियमाच्या बाजूने बोल, मोजणीतल्या चुकीसकट बोल, मी त्यात कधी नव्हतोच असं समजून बोल. तुला ते माझ्याशिवाय जास्त चांगलं येतं.

आणि एक राहिलं. हे वाचून तुला वाटेल की इतकी वर्षं तू भिंतीशी बोललीस, तुझं म्हणणं मला कधी पटलंच नाही, मुलीने जागा घेतली नसती तर आजही पटलं नसतं. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. तुझं म्हणणं मला त्या पहिल्या बैठकीतच पटलं होतं, शंका. तू शिंपिणीचं बोललीस आणि मुख्य अभियंत्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच क्षणी मला माहीत होतं की तू बरोबर आहेस. दिवस मोजता येत नाहीत, हे मी त्यानंतर म्हणालो.

तुझाच,
बेरीज